फिका हिरवा

गाडीतल्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवर दोन रेषा असतात, एक वरची, एक खालची. द्रव त्या दोन रेषांच्या मधे असावा, एवढीच अपेक्षा असते. त्या रविवारी तो वरच्या रेषेला अगदी टेकलेला होता, जसा मागच्या रविवारी होता आणि त्याच्याही मागच्या. मी बाटलीच्या मागे मोबाईलचा टॉर्च धरला आणि पुढून पाहिलं. रंग फिका होता. जानेवारीत मी स्वतः भरला तेव्हा तो कैरीच्या सालीसारखा हिरवा होता, आता काकडीच्या आतल्या गरासारखा झाला होता. बंद यंत्रणेतला द्रव कमी होऊ शकतो, गढूळ होऊ शकतो, त्यात गंज उतरू शकतो. पातळी तशीच ठेवून तो आपोआप फिका होत नाही. त्यासाठी कुणाचा तरी हात लागावा लागतो.

पप्पा माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे होते. काय बघायलीस एवढं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पातळी बघते. पातळी बरोबर हाय, मी रोज बघतो, ते म्हणाले आणि बॉनेटच्या काठावरून बोट फिरवून त्यावरची धूळ पाहिली. ते खरंच रोज बघत. माझे वडील साहेबराव परभणीकडून पिंपरीला आले ते एका कंपनीच्या इंजिन टेस्टिंगमधे लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. नवं इंजिन यायचं, स्टँडवर बोल्टांनी आवळलं जायचं, त्याला पाण्याच्या आणि डिझेलच्या नळ्या जोडल्या जायच्या. पप्पा ते चालवायचे, ऐकायचे, कमीजास्त करून पुन्हा ऐकायचे, आणि मग ते खोलून पुढे पाठवलं जायचं. सगळी नोकरी त्यांनी इंजिनं चालवली आणि त्यातलं एकही त्यांच्यासमोर एक फूट पुढे सरकलं नाही. लहानपणी मी शाळेत सांगितलं होतं की माझे पप्पा गाड्या चालवतात. घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवून ही चूक दुरुस्त केली होती. गाडी वेगळी, इंजिन वेगळं, माय, असं म्हणाले होते. निवृत्तीनंतर ते ड्रायव्हिंग स्कूलमधे गेले, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभं राहून लायसन्स काढलं आणि ही पांढरी छोटी गाडी सेकंडहँड घेतली. पहिल्या दिवशी ते आईला घेऊन चाकणला सुमन मावशीकडे गेले. आई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली होती आणि पप्पांनी चाकणपर्यंत चौथा गियर टाकलाच नाही, कारण तिसऱ्यात इंजिन जास्त गोड वाजतं असं त्यांचं म्हणणं होतं. मागे ट्रक हॉर्न वाजवत होते. सुमन मावशी अजून ही गोष्ट सांगते आणि पप्पा अजून म्हणतात, वाजत होतंच गोड.

दिवाळीच्या थोडं आधी एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की हा साधा विसराळूपणा नाही. माझा धाकटा भाऊ सिद्धेश हैदराबादहून फोनवर होता. पप्पा बाहेर बाकावर आईजवळ बसले होते. हळूहळू वाढेल, डॉक्टर म्हणाले, काही वर्षं बरी जातील, औषध चालू ठेवा. फक्त गाडी चालवणं बंद करा, आणि ते लवकर करा. मी हो म्हटलं, फोनमधून सिद्धेशनेही हो म्हटलं. बाहेर आल्यावर पप्पांनी विचारलं, काय म्हणाले, आणि मी सांगितलं, गोळ्या दिल्यात. मग ते गाडीत बसले, पट्टा लावला आणि आम्हाला घरी घेऊन आले. तेव्हापासून पप्पांना सांगायचं ते एक वाक्य माझ्याजवळ आहे. दर रविवारी वाकडहून स्कूटर काढताना ते छोटं आणि स्वच्छ असतं. काळेवाडीचा पूल ओलांडेपर्यंत त्याला कारणं चिकटतात, पिंपरीत शिरेपर्यंत कारणांना उदाहरणं, आणि संत तुकाराम नगरच्या वळणावर आलं की ते इतकं लांब झालेलं असतं की एका दमात बोलता येणार नाही. मग मी वर जाण्याऐवजी पार्किंगमधेच थांबते आणि पप्पांना हाक मारते, चला, गाडी बघू. बॉनेट उघडलं की आम्हा दोघांनाही बरं वाटतं. तिथे बोलायचं ते इंजिनाबद्दल असतं आणि इंजिनाबद्दल पप्पा काहीच विसरत नाहीत.

त्याच रविवारी आम्ही एक चक्कर मारली. मी शेजारी बसले होते. नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभे असताना तापमानाचा काटा निम्म्याच्या वर चढला, थरथरला आणि गाडी हलताच खाली आला. मी हीटर पूर्ण गरमवर फिरवला, तर आतून थंड वारा आला. हवा धरलीय, पप्पा लगेच म्हणाले. तेच माझ्या मनात होतं. पाण्याच्या वाटेत कुठेतरी हवेचा फुगा अडकला की पाणी पुढे जात नाही, इंजिन आत तापतं आणि हीटरपर्यंत ऊब पोचत नाही. पण हवा आत येते ती पाणी बाहेर गेल्यावरच. आणि बाटलीतली पातळी तर वरच्या रेषेला टेकलेली होती.

मी तळवड्याला एका प्रयोगशाळेत काम करते. या पट्ट्यातल्या कारखान्यांमधून तेलाचे आणि कूलंटचे नमुने छोट्या बाटल्यांमधून आमच्याकडे येतात आणि आम्ही यंत्र न पाहता यंत्राचं काय चाललंय ते सांगतो. मला हे काम आवडतं. नमुना काही लपवत नाही आणि त्याच्याशी गप्पा माराव्या लागत नाहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला जयसिंगचं गॅरेज आहे. त्याच्याकडे मी प्रेशर तपासायचा हातपंप मागितला. गाडीचं पाणी कमी होतंय म्हटल्यावर तो म्हणाला, मॅडम, उन्हाळाय, माणसं पितात तशी गाडी बी पिते. पण पंप दिला, आणि परत आणायची आठवण दोनदा करून दिली, कारण आमचे मॅनेजर साहेब मागे एक पाना घेऊन गेले होते तो अजून त्यांच्या सोसायटीत फिरतोय म्हणे.

पुढच्या रविवारी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून तिथे मी पंप बसवला आणि दाब दिला. कुठे बारीक भेग असेल, सांधा सैल असेल, तर काटा हळूहळू उतरतो. आम्ही दोघं काट्याकडे बघत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आई चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, बापलेक असे बसलेत जसं काही गाडी आता बाळंत होणार हाय. चहा संपला. काटा होता तिथेच होता. गाडीखाली टाकलेला पुठ्ठा कोरडा होता, रबरी नळ्यांचे, होजचे सांधे कोरडे होते. पायाखालचं कार्पेट उचलून मी नाक लावून पाहिलं, कूलंट गळलं की तिथे गोडसर वास येतो, तोही नव्हता. झाकण वेगळं तपासलं, त्याचा रबर आणि स्प्रिंग दोन्ही शाबूत. पप्पा मान हलवत होते. कुठंच न्हाई, ते म्हणाले, मग आत बघ. आत म्हणजे इंजिनाच्या पोटात. तिथे तडा असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं. त्यासाठी मी प्रयोगशाळेतून निळं द्रावण करून आणलं होतं. काचेच्या नळीत ते घेऊन चालू इंजिनाच्या रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं, वर येणारी हवा त्यातून जाऊ द्यायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं.

हे द्रावण पप्पांना ओळखीचं होतं. मी अकरावीत असताना एकदा प्रॅक्टिकलमधून थोडंसं औषधाच्या बाटलीत भरून घरी आणलं होतं, त्यांना दाखवायला. ते रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल होते. मी पेल्यात निळं पाणी ओतलं, हातात स्ट्रॉ दिली आणि फुंका म्हटलं. त्यांनी फुंकर घातली, घालत राहिले, आणि निळं आधी हिरवं आणि मग पिवळं झालं. त्यांनी पेला उजेडात धरला, बराच वेळ धरला. म्हणजे माझा सायलेन्सर चालू हाय, असं म्हणाले, आणि मग झोपायला न जाता त्यांनी आईला उठवून तिलाही फुंकायला लावलं. आई म्हणाली, तुम्हा दोघांना उद्योग न्हाईत. आज त्याच माणसाने माझ्या हातातली नळी पाहिली आणि विचारलं, पिवळं झालं का? नाही, मी म्हटलं. ते निळंच राहिलं. मग इंजिन चांगलं हाय, ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते पाहून मी नळी खाली केली. तेव्हाच मला त्यांच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, गुलाबी चकचकीत डाग दिसला. मी विचारलं तेव्हा उत्तर आईने दिलं, जिन्यातूनच. तवा लागला, ती म्हणाली. पप्पांनी आधी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, जणू ही गोष्ट तेही पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या घरात पप्पा कधी तव्याजवळ गेलेले मला आठवत नाहीत.

सोमवारी प्रयोगशाळेत मी बाटलीतून काढून आणलेल्या फिक्या द्रवाचा थेंब उपकरणाच्या काचेवर ठेवला आणि डोळा लावला. आतमधे निळ्या आणि पांढऱ्या भागाची सीमारेषा दिसते, द्रावण किती घट्ट ते त्या रेषेवरून कळतं. मी अर्धं कूलंट आणि अर्धं शुद्ध पाणी भरलं होतं, आता कूलंट त्याच्या निम्मंच उरलं होतं. मी पुन्हा थेंब ठेवला, काच पुसून पुन्हा. नुसतं पाणी उडून गेलं असतं तर जे उरलं ते अधिक घट्ट झालं असतं. हे पातळ झालं होतं. म्हणजे आतलं द्रावण बाहेर जात होतं आणि त्याच्या जागी कुणीतरी पाणी घालत होतं, पातळी नेमकी रेषेवर येईल एवढंच. मी क्षार तपासले. पाणी नळाचं होतं. पप्पांनी नळाचं पाणी इंजिनात घातलं नसतं. विसरण्याच्या सगळ्या प्रकारांमधे हा प्रकार मला शक्य वाटेना. कारण माझ्या लहानपणी शेजाऱ्याच्या स्कूटरच्या बॅटरीत कुणी नळाचं पाणी घातलं म्हणून ते जेवता जेवता उठून गेले होते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी सिद्धेशला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो पहिल्यापासून माझ्यापेक्षा लवकर निष्कर्षाला येतो. ताई, तो म्हणाला, दुरुस्तच नको करू. हवा आहे ना आत? राहू दे. मे महिन्यात एक दिवस इंजिन आपोआप बसेल. पार्ट मिळत नाहीत म्हणून सांगू. आपलं नाही ऐकणार ते, पण मशीनचं ऐकतील. तो क्रूर नव्हता, त्याचा आवाज शेवटी बसला होता, आणि लहानपणी मी त्याला शाळेत सोडायचे तेव्हा तो जसा माझं बोट एकदम सोडून द्यायचा तसा त्याने फोन ठेवला. संध्याकाळी घरी जाताना मी त्या सूचनेचा नीट विचार केला. त्यात सगळ्यात मोहक हे होतं की मला काहीच करावं लागणार नव्हतं. एक फुगा जिथे आहे तिथे राहू द्यायचा. उन्हाळा आणि चाकणच्या रस्त्यावरची गर्दी बाकीचं काम करेल. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तापून वाकेल, त्याखालची गॅस्केटची पट्टी जाईल, माझं निळं पाणी एक दिवस पिवळं होईल आणि मी ते पप्पांना दाखवेन. ते नळी उजेडात धरतील, मान हलवतील आणि मान्य करतील. मग डॉक्टर नाही, आजार नाही, मी नाही. फक्त पार्ट मिळत नाही. पण रस्त्यात इंजिनातून वाफ उठेल तेव्हा शेजारच्या सीटवर आई असेल. आणि जरी नसली, जरी गाडी पार्किंगमधे उभ्या उभ्या बंद पडली, तरी आयुष्यभर इंजिन ऐकलेल्या माणसाला मी एका चांगल्या इंजिनाच्या तोंडून खोटं ऐकवणार होते. वाकडला पोचेपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं की पाणी कुठे जातं ते आधी बघायचं.

गुरुवारी मी रजा काढली. त्या दिवशी त्यांना चाकणला जायचं होतं, सुमन मावशीच्या नातवाचा वाढदिवस होता. मी येते, मी नेते, असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं तर आईने उडवून लावलं. मी असते की शेजारी, ती म्हणाली. दुपारी ते परत आले तेव्हा मी त्यांच्याच घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होते. वळणाच्या थोडं आधी गाडी हळू झाली, डाव्या खिडकीतून आईचा हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला आणि त्याने डावीकडे खूण केली. त्यानंतर इंडिकेटर लागला. मग माझ्या लक्षात आलं की हे आजचं नाही. ज्या बाईला इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, जी एकटी रिक्षात बसायला अजून घाबरते, तिने पिंपरी ते चाकण सगळा रस्ता पाठ केला होता, वळणावळणाने, आणि तो ती त्यांना आधी सांगत होती. पप्पांनी गाडी दोन खांबांच्या मधे अगदी सरळ लावली. वर आले, पाय धुतले, खुर्चीत बसून पाणी प्यायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीची बस येऊन थांबली. सेकंड शिफ्टची माणसं डबे घेऊन उभी होती. बसने छोटा हॉर्न दिला. पप्पांनी अर्धा प्यायलेला पेला खाली ठेवला, गॅलरीच्या गजावरचं फडकं उचललं आणि स्लिपर घालून जिना उतरले. मला वाटलं गाडीत काहीतरी राहिलं असेल. आई चहा टाकत होती. मी खाली पाहिलं तर बॉनेट वर उचललेलं होतं.

मी धावले. तिन्ही जिने उतरताना मला एकच आकडा डोळ्यांपुढे दिसत होता, बंद रेडिएटरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण त्याच्यावर दाब असतो, आणि झाकण उघडताच ते सगळं एका क्षणात उकळतं. पप्पांनी फडक्याची चार पदरी घडी केली होती. ते अंग तिरपं करून उभे होते, तोंड दुसरीकडे, हात पूर्ण लांबवलेला. जसं शिकवलं जातं तसंच. पप्पा, गरम आहे, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी झाकण फिरवलं होतं. वाफ वर गेली, हिरवट पाणी बॉनेटच्या आतल्या बाजूवर आपटलं आणि पंख्यासारखं पसरून खाली आलं. ते सवयीनेच मागे झाले म्हणून तोंड वाचलं. मनगटावर थोडं उडालं. ते ओरडले नाहीत. शिफ्टच्या आधी बघावं लागतंय, ते मला म्हणाले, समजावून सांगितल्यासारखं. रंगराव यायला. त्याला पाणी बघून द्यायचंय. रंगरावकाका त्यांच्याच स्टँडवर पुढच्या शिफ्टला असायचे. त्या दोघांचा एक अलिखित नियम होता. जाणाऱ्याने इंजिन बंद करून, निवू देऊन, पाणी आणि तेल बघून स्टँड सोपवायचा, आणि येणाऱ्याने बघितलंस का म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर तो अपमान. रंगरावकाकांच्या मयतीला मी पप्पांबरोबर गेले होते.

मी त्यांचा हात धरून पार्किंगच्या नळाखाली नेला. पाणी मनगटावरून वाहत राहिलं. जुना गुलाबी डाग आणि त्याच्या शेजारी आता नवा लाल. मी बोटांनी त्यांचा तळहात खालून आधार देऊन धरला होता. तो हात मला वाटलं त्यापेक्षा हलका होता. ते पाण्याकडे बघत होते. कोपऱ्यावरची बस निघून गेली. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी उतरली आणि एक वेगळी चढली.

"गरम होती का गं?"

"हो."

"मी आत्ताच आणली न्हवं चाकणहून?"

"हो, पप्पा."

नळ त्यांनी स्वतः बंद केला. मग तो नीट बंद झाला का ते पाहिलं. तुझ्या आईला सांगू नको, असं ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि मी वर पाहिलं तर आई गॅलरीत उभी होती, हातात चहाच्या भांड्याची पकड तशीच. ते वर गेल्यावर मी बॉनेटच्या आत बघितलं. काळ्या अस्तरावर हिरवट पांढऱ्या वाळलेल्या डागांचे थर होते, एकावर एक, सगळे त्याच पंख्याच्या आकाराचे. इतके रविवार मी इथे उभी राहून खाली बघत होते. कुठेच भेग नव्हती. गाडीत बिघाड असा काही नव्हताच. झाकण पुन्हा बसवताना ते कधी पूर्ण फिरवलं जायचं, कधी अर्धंच राहायचं, तेव्हा इंजिन निवताना बाटलीतलं पाणी ओढून घेण्याऐवजी हवा ओढून घ्यायचं. सगळं जुळत होतं. उत्तर सापडल्यावर मला नेहमी जे वाटतं ते मात्र वाटलं नाही.

आईने स्वयंपाकघरात स्वतःहून सांगितलं, चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता. बस आली की त्यांना खाली जायची उबळ येते. सकाळी गेले तर काही होत नाही, गाडी थंड असते. दुपारची भीती. कधी ती त्यांना बोलण्यात गुंतवते, कधी जमत नाही. बाटलीतलं पाणी उतरलेलं तिने पाहिलं होतं, मग ते आंघोळीला गेले की ती तांब्या घेऊन खाली जायची आणि मी बोट लावून दाखवते त्या रेषेपर्यंत भरायची. तू बघतीस ना दर रविवारी, म्हणून, ती म्हणाली. तुला कळलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस. मी म्हटलं, आई, त्यांचे डोळे गेले असते. तिने गाळणी आपटून रिकामी केली. मला कळत न्हाई का, ती म्हणाली. पण मी त्यायला आजवर कशाला नाही म्हणलं नाही, आता कोणत्या तोंडानं म्हणू? आणि मग, कप माझ्यापुढे सरकवत, "तू तरी कुठं म्हणायलीस? डॉक्टरकडून आल्यापासून बघायले मी. तोंड उघडायला येतीस अन् बॉनेट उघडायलीस."

मी ती रात्र तिथेच राहिले. सकाळी पप्पांना म्हटलं, चला, हवा काढू. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. गाडीचं तोंड वर राहायला हवं म्हणून गेटजवळच्या चढावर ती घेतली, थंड इंजिनातून सगळा फिका द्रव खाली काढला, आणि मी आणलेलं नवं हिरवं भरलं. हे काम दोघांचं असतं. आजवर पप्पा बॉनेटपाशी आणि मी आत बसून सांगतील तसा ॲक्सिलरेटर दाबायची. आज त्यांच्या मनगटाला पट्टी होती, म्हणून मी म्हटलं, तुम्ही आत बसा. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि काही न विचारता आत बसले. मी प्लास्टिकची बाटली कापून केलेलं नरसाळं रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवलं आणि त्यात निम्म्यापर्यंत द्रव भरला. हीटर पूर्ण गरमवर, खिडक्या उघड्या. इंजिन सुरू झालं. आधी काहीच होत नाही. वाट बघावी लागते, आतली झडप गरम होऊन उघडेपर्यंत. पप्पा मीटरकडे न बघता नुसत्या कानाने इंजिन एका सुरावर धरून होते, ना वर ना खाली. मी वरचा होज मुठीत दाबला, सोडला, दाबला. नरसाळ्यात एक मोठा बुडबुडा आला आणि फुटला, पातळी दोन बोटं खाली गेली. मी वरून भरलं. मग आणखी बुडबुडे, एकामागून एक, मग त्यांची बारीक रांग.

तिथे उभं राहून मला एक अगदी साधी गोष्ट कळत होती. प्रत्येक बुडबुड्याबरोबर माझ्यासाठी एक सबब कमी होत होती. गाडी थोडी बिघडलेली असती तर मी म्हणू शकले असते, सध्या राहू द्या. अजून हात काढून घेता आला असता, झाकण अर्धं फिरवलं तरी चाललं असतं, कुणालाच कळलं नसतं. पप्पांनाही कदाचित नाही. मी होज दाबत राहिले. आतून त्यांचा आवाज आला, आला गरम वारा, आणि मी मान वाकवून पाहिलं तर एप्रिलच्या उन्हात हीटर तोंडावर घेऊन, घामाने निथळत ते हसत होते. बुडबुडे थांबले. द्रवाचा पृष्ठभाग काचेसारखा स्थिर झाला, त्याच्या खाली कैरीच्या सालीचा हिरवा. मी नरसाळं काढलं, झाकण बसवलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. बॉनेट खाली केलं. हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले. सीट आईच्या उंचीप्रमाणे पुढे ओढलेली होती, माझे गुडघे डॅशबोर्डला लागले. मी ती मागे केली नाही.

पप्पांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली, मी काही बोलत नव्हते तरी. ऐक, ते म्हणाले. इंजिन जागच्या जागी चालत होतं, मऊ आणि सलग. काटा बरोबर मधे होता आणि हलत नव्हता. समोरून भाजीची हातगाडी गेली. वॉचमनने आम्हाला जयभीम केला, पप्पांनी मान लववून घेतला. मला त्यांच्या कानामागचे पांढरे केस दिसत होते, आणि अकरावीतला तो पेला, आणि डॉक्टरांच्या दारातून बाहेर येताना माझ्या तोंडून निघालेले दोन शब्द. लांबलचक झालेलं ते वाक्य मी शोधलं, तर त्याला चिकटलेलं एकही कारण आता जागेवर नव्हतं. पप्पांनी पट्टा ओढून लावला, खटका बसल्याचा आवाज आला. त्यांचा पट्टी बांधलेला हात गियरवर गेला.

"एक चक्कर मारून येऊ," ते म्हणाले. "बघ कशी वाजायली. काय म्हणजे काय बिघाड न्हाई हिच्यात."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही, पप्पा, गाडीत काहीच बिघाड नाही," मी म्हटलं. "पण आजपासून ती तुम्ही चालवायची नाही."